अनोळखी माणसांबद्दल दादाला चार शब्द

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. तू, वहिनी आणि तुझं कोलेस्टेरॉल, तिघंही जागच्या जागी असाल अशी आशा करते. गुडघा कसा आहे? (डावा विचारतेय. उजव्याबद्दल तू मागच्या पत्रात दोन पानं लिहिली होतीस, त्यामुळे त्याची मला त्याच्या डॉक्टरपेक्षा जास्त माहिती आहे.) वहिनीच्या शिवणवर्गाला विद्यार्थिनी मिळाल्या का? इकडे सगळं ठीक. लेक बरी आहे, जावई जहाजावरून येऊन पुन्हा जहाजावर गेला, नात सव्वादोन महिन्यांची झाली. तिचं नाक तुझ्यावर गेलंय, पण अजून लहान आहे, बदलेल, असं सगळे एकमेकांना सांगतात.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला वाक्य पूर्ण करू देत नाहीस. माझं अर्धं झालं की तुझं "मी तुला आधीच सांगितलं होतं" सुरू होतं. पत्रात मधे बोलायची सोय नाही, म्हणून हे पत्र. तीन पानं आहेत, चष्मा घे.

तुला आठवत असेल, मी सात वर्षांची असताना तू मला तीन गोष्टी पाठ करायला लावल्या होत्यास. अनोळखी माणसाशी बोलायचं नाही, त्याच्याकडून काही घ्यायचं नाही, आणि त्याने पत्ता विचारला तर दुसराच सांगायचा. दादा, मी हे सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत इमानेइतबारे पाळलं. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला मी एकदा "इथे मी राहत नाही" असं सांगितलं होतं. (अंगात गाऊन होता आणि हातात झाडू. तो बिचारा "बरं, मग राहणाऱ्या आल्या की सांगा" म्हणून गेला.) वाचनालयात चाळीस वर्षं पुस्तकं देतेघेते, पण नव्या सभासदाकडे आधी मी चोरट्याकडे बघावं तसं बघते आणि मग अर्ज देते. हे सगळं तुझं शिक्षण. मी तक्रार करत नाही, फक्त नोंदवते.

तर लेकीच्या बाळंतपणाची गोष्ट. बाळ आडवं होतं, म्हणून शुक्रवारी दुपारी बारा वाजता ऑपरेशन ठरलं. जावई त्या दिवशी समुद्राच्या मधोमध. तिथून उडी मारून यायची त्याची तयारी होती, कंपनीची नव्हती. लेक घाबरून गेली होती. फोनवर एकच सांगत होती, "आई, तू आलीस की मगच मी आत जाईन." तू ओळखतोस तिला. हट्टीपणात ती आपल्या आईवर गेलीय. तेव्हा मी गुरुवारी संध्याकाळची बस धरली. शेजारी एक जाडजूड गृहस्थ होते, कापडाचे नमुने घेऊन गावोगाव फिरणारे. त्यांनी मला बिस्किट देऊ केलं. मी अर्थातच घेतलं नाही, उलट पिशवी दुसऱ्या बाजूला सरकवली.

सकाळी सातला बस एका धाब्याशी थांबली. रात्रभर पाय लोंबकळत ठेवल्यामुळे ते असे सुजले होते की बुटात शिरेनात. नमुनेवाले घोरत होते आणि त्यांच्या रबरी सपाता समोर पडल्या होत्या. दोन मिनिटांचा तर प्रश्न, म्हणून मी त्या पायात सरकवल्या. (हो, अनोळखी माणसाकडून काही घ्यायचं नाही. पण तो झोपला होता, तेव्हा 'घेतलं' म्हणता येईल का, हा मुद्दा आहे.) पर्स, पिशवी, बूट सगळं सीटवर आणि फोन चालकाजवळ चार्जिंगला. अंगावर शाल आणि हातात फक्त टूथब्रश, अशी मी उतरले.

दात घासता घासता बाहेर आले तर बस निघालेली. मी धावले दादा. दहा नंबरच्या सपाता फटाफट वाजवत, तोंडात फेस, हातात ब्रश उगारलेला. चालकाने आरशात पाहिलं असेल तर त्याने वेग का वाढवला हे मी समजू शकते. नंतर कळलं की क्लीनरने डोकी मोजली होती आणि ती बरोबर चौतीस भरली होती, कारण धाब्यावर चढलेली एक बाई नेमकी माझ्या सीटवर जाऊन बसली होती. आपल्या जागी दुसरं कुणी बसलं की मोजणीत काही कमी पडत नाही, हे ज्ञान मला सत्तावन्नाव्या वर्षी, तोंडात फेस असताना झालं.

तिथल्या स्वच्छतागृहाच्या दाराशी स्टुलावर एक बाई बसल्या होत्या. फरशी पुसणं आणि बादल्या भरणं हे त्यांचं काम. सगळे त्यांना मावशी म्हणत होते. त्यांनी विचारलं, "बस गेली का?"

मी म्हटलं, "नाही."

(सवय, दुसरं काय! बसने उडवलेली धूळ अजून खालीसुद्धा बसली नव्हती.) त्यांनी धुळीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं, नाही गेली. आधी तोंड धुऊन घ्या." चूळ भरली आणि मला रडूच फुटलं. मग मात्र मी त्या पूर्ण परक्या बाईला सगळं सांगितलं, बाळ आडवं असल्यापासून जहाजापर्यंत. त्यांनी स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. आणि दादा, मला एकही नंबर आठवेना. लेकीचा नंबर मी 'लेक' म्हणून ओळखते, आकड्यांनी कधी ओळखलंच नाही. पाठ होता तो फक्त तुझा जुना घरचा फोन, जो तू सोळा वर्षांपूर्वी बंद केलास. तो मी लावूनही पाहिला. आशा वाईट असते.

मावशी उठल्या, लांब दांड्याचं पुसणं उचललं आणि भर रस्त्यात जाऊन ते आडवं धरून उभ्या राहिल्या. पहिली गाडी होती ती थांबलीच. न थांबून सांगते कुणाला? एक टेम्पो होता, मागे लाकडी पेट्या रचलेल्या, पुढे एक नवरा-बायको. मावशींनी खिडकीतून त्यांना दोन वाक्यांत सगळं सांगितलं आणि मला कोंबलं. टेम्पो सुटल्यावर मला तो आवाज ऐकू आला. आधी वाटलं इंजिन. मग वाटलं माझे कान. शेवटी मी विचारलं, पेट्यांत काय आहे?

"माश्या," बायको म्हणाली. "मधमाश्या. चाळीस पेट्या आहेत. घाबरू नका, जाळी लावलीय. बहुतेकींना."

ते मधपाळ होते. सूर्यफुलं फुलतात तिथे पेट्या नेऊन ठेवतात, फुलं संपली की दुसरीकडे नेतात. पेट्या हलवायच्या त्या ऊन चढायच्या आत, नाहीतर आत मेण मऊ पडून पोळी खाली येतात आणि माश्या गुदमरतात. नऊच्या आत त्यांना शेतावर पोचायचं होतं आणि शेताचं वळण पंचवीस किलोमीटरवर होतं. तोपर्यंत बस गाठू, असा बेत. मी दोघांच्या मधे अंग चोरून बसले होते. बायकोने नाव विचारलं तर मी खोटं सांगितलं. आयत्या वेळी दुसरं सुचेना म्हणून वहिनीचं सांगितलं. (वहिनीला हे वाचून दाखवू नकोस. किंवा दाखव. पुढे जे झालं त्याने तिचं नाव चांगलंच झालंय.)

वळण आलं. बस दिसली नव्हती. त्याने गाडी कडेला घेतली, बाहेर डोकं काढून उन्हाकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. मी माझ्या सपातांकडे पाहत होते. म्हणायला हवं होतं की मी इथे उतरते, तुम्ही जा. शब्द तोंडाशी आलेही होते, पण दादा, मी ते बोलले नाही. लेकीचा चेहरा समोर होता. शेवटी बायकोच म्हणाली, "यांची मुलगी आत जायची थांबलीय." तो म्हणाला, "बरं." आणि वळण मागे टाकून सरळ निघाला. पुढच्या सत्तर किलोमीटरमध्ये तो तेवढंच बोलला. प्रत्येक पेट्रोलपंपावर ती उतरायची, बादलीने पेट्यांवर पाणी शिंपडायची आणि पेटीला कान लावून ऐकायची. तिचा चेहरा दरवेळी थोडा उतरायचा. मला काही विचारायचं धाडस झालं नाही.

अकरा वाजून वीस मिनिटांनी त्यांनी मला हॉस्पिटलच्या फाटकाशी सोडलं. "तुमचे आभार कसे..." असं मी सुरू केलं, तर बायको म्हणाली, "आमची गाडी एकदा नदीत रुतली होती. ज्यांनी दोर लावून ओढली त्यांचं तोंडही आम्ही नीट बघितलं नाही. तुम्ही पळा आता. पुढे कुणाचं तरी करा." मी पळाले.

वॉर्डात शिरले तेव्हा लेक स्ट्रेचरवर बसून दोन नर्सशी भांडत होती. माझ्या शालीतून एक माशी निघाली. (एकच. 'बहुतेकींना' मधली.) एक नर्स फाइल घेऊन माशीमागे, दुसरी माझ्यामागे. लेकीने माझे पाय बघितले आणि विचारलं, "आई, तू कुणाच्या चपला घालून आलीस?" मी म्हटलं, माहीत नाही. ती इतकी हसली की दाराशी आलेले डॉक्टर म्हणाले, तासभर खाली येत नव्हतं ते ब्लडप्रेशर आपोआप उतरलं, चला आता. तशीच हसत ती आत गेली. बारा चाळीसला नात झाली. मी फाटकाशी धावत आले, तर टेम्पो केव्हाच गेला होता.

संध्याकाळी नमुनेवाले गृहस्थ माझी पिशवी, पर्स, फोन आणि बूट घेऊन हजर झाले. पिशवीतल्या कागदांवरून त्यांनी हॉस्पिटल शोधलं होतं. ते स्वतः बसमधून अनवाणी उतरले होते. मी मान खाली घालून सपाता पुढे केल्या, तर म्हणाले, "राहू द्या. तुम्हाला पुन्हा लागतील." मग त्यांनी बिस्किट पुढे केलं. मी दोन घेतली.

तीन आठवड्यांनी परतताना मी मुद्दाम त्या धाब्यावर उतरले. मावशी स्टुलावरच होत्या. नातीचं ऐकून त्यांनी बादलीला टाळी दिली. मधपाळ परतीच्या वाटेवर थांबून मी वेळेत पोचल्याचं त्यांना सांगून गेले होते, तेव्हा घेतलेला नंबर त्यांनी लावून दिला. पलीकडून बायकोने वहिनीच्या नावाने मला हाक मारली. लाज वाटून मी आधी खरं नाव सांगितलं. ती हसली. मग मी विचारलं, माश्या कशा आहेत?

"सहा पेट्या गेल्या," ती म्हणाली. लगेच म्हणाली, "त्यातल्या दोन अशक्तच होत्या. बाळाचं वजन किती भरलं?"

मी म्हटलं, मला काहीतरी करू द्या, नव्या पेट्यांसाठी काही पाठवते. तिचा आवाज जरा बदलला. "मग ती भाड्याची गाडी झाली असती हो," ती म्हणाली. "आम्ही तुम्हाला आणलं ते आणलं. आम्हाला परत करू नका. सांगितलं ना, पुढे कुणाचं तरी करा." फोन ठेवल्यावर मी मावशींच्या शेजारी बादली उलटी घालून बराच वेळ बसले. सहा पेट्या म्हणजे किती माश्या, हे मी नंतर वाचनालयात पाहिलं. आकडा तुला सांगत नाही. माझी त्यानंतर दोन दिवस झोप गेली.

आता तू म्हणशील, संपलं. नाही, खरा घोटाळा पुढेच आहे. 'कुणाचं तरी करा' म्हणणं सोपं आहे दादा. मदत करायला निघालं की गरजू माणूस सापडत नाही. रस्त्यात एक गाडी बंद पडलीय असं वाटून मी दोन कॉलेजकुमारींना जमवून ती चांगली वीस पावलं ढकलली. ती नीट लावून ठेवलेली गाडी होती आणि मालक दुकानात होता. नंतर एक माणूस कुंपणावरून सायकल पलीकडे घ्यायला धडपडत होता. मी मागून उचलून दिली. त्याने फार मनापासून आभार मानले आणि भरधाव निघून गेला. मग घरातून सायकलचा मालक बाहेर आला. (चौकीत माझा जबाब एका पानाचा झाला. हवालदार सज्जन होते, त्यांनीच चहा पाजला. म्हणजे उपकार आणखी एकाने वाढला.)

याच सुमारास वाचनालयाच्या पाट्या नव्याने रंगवायला पेंटरकाका आले. आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांच्या पाट्या गेली तीसेक वर्षं त्यांच्याच हातच्या. अक्षर असं की लोक औषधाच्या दुकानाची पाटी उभं राहून बघतात. बरोबर काकू असतात, त्या रंग कालवतात. दुपारी मी बघायला गेले तर पाटीवर लिहिलेलं, "शांतता राख". मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, "काका, सभासदांना अरेतुरे करता की राख करता? काना कुठे गेला?"

"दिलाय की," ते म्हणाले.

मी पुन्हा पाहिलं. काना दिलेला होता. पाटी संपल्यावर चार बोटं पुढे, भिंतीवर. सुंदर, सरळ, ठसठशीत काना. काकांनी बोटाने पाटीची कड चाचपली, मग भिंत चाचपली, आणि बोटाला लागलेला ओला रंग डोळ्यांजवळ आणून बघत राहिले. काकू पटकन पुढे झाल्या आणि फडक्याने भिंत पुसायला लागल्या. त्या पुसण्यावरून कळलं की हे पहिल्यांदा होत नव्हतं.

मी बाहेर स्टूल टाकून दोघांना बसवलं आणि हळूहळू काढून घेतलं. दोन्ही डोळे गेल्या दीड वर्षात मंदावलेत. ऑपरेशनने सुधारतील, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय. दोनदा तारीख मिळाली, दोनदा हुकली. एक डोळा झाला की अकरा दिवसांनी दुसरा, आणि मधल्या काळात रोज तपासायला जायचं. तेवढे दिवस परक्या शहरात राहणार कुठे? नात्याचं तिथे कुणी नाही. दवाखान्याजवळच्या लॉजमध्ये महिना महिना आधी जागा भरतात. डॉक्टर म्हणाले आहेत, आता उशीर केला तर आम्हीही काही करू शकणार नाही. "मला दुकानं नाही दिसली तरी चालेल," काका म्हणाले, "पण एक अख्खी पाटी चुकलेली कुणी मला सांगितलीच नाही, आणि ती अजून लटकतेय कुठेतरी, हे मनातून जात नाही." (लटकतेय. मी पाहिलीय. केशकर्तनालयाची आहे. काय झालंय ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.)

तर असं सगळं. काना मी भिंतीवर तसाच राहू दिलाय, काकूंना पुसू दिला नाही. सभासद विचारतात, तेव्हा मी त्यांच्याशी बोलते. होय, अनोळखी सभासदांशीसुद्धा. मला वाटलं, माझ्यात झालेला हा फरक तुला कळवावा. तुझा राग अजिबात नाही. तू मला जपण्यासाठी शिकवलंस हे मला ठाऊक आहे. पण ज्या दिवशी माझं सगळं अडलं होतं, त्या दिवशी माझ्या ओळखीचं एकही माणूस तिथे नव्हतं, आणि तरी माझं काही अडलं नाही. एवढंच सांगायचं होतं. मागायचं काहीच नाही. वहिनीला नमस्कार, गुडघ्याला तेल.

तुझी,
धाकटी

ता. क. : मागायचं काही नाही, एक विचारायचं तेवढं राहिलं. तुझ्या घराची वरची खोली तुझा धाकटा मुलगा परदेशी गेल्यापासून रिकामीच आहे ना? मागच्या खेपेला मी सहज चालून पाहिलं होतं. तिथून डोळ्यांचा मोठा दवाखाना सात मिनिटांवर आहे. तुझ्या गुडघ्याने दहा.

दुसरा ता. क. : हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, हे पाकिटावर तिकीट नसल्यावरून तू ओळखलं असशीलच. ज्यांनी ते तुझ्या हातात दिलं ते गृहस्थ पेंटरकाका, आणि मागे पिशव्या घेऊन उभ्या आहेत त्या काकू. ऑपरेशन परवा सकाळी आहे. त्यांना वाटतं की हे तूच सुचवलंस आणि तूच आग्रह केलास. मी तसं सांगितलंय. नाहीतर ते निघालेच नसते. स्टँडवर येईपर्यंत काका मला विचारत होते, "तुमच्या भावाची आमची ओळख नाही, मग त्यांनी एवढं का करावं?" मी म्हटलं, आमचा दादा तसाच आहे.

तिसरा ता. क. : तू पत्र दारातच उभा राहून, एकेक ओळ दोनदा वाचतोस. म्हणजे ती दोघं गेली वीस मिनिटं उंबऱ्याबाहेर आहेत, आणि नको असलं तर तसं सांगायला घाबरू नका, असं तुला सांगायची तयारी करताहेत. त्यांना ते बोलू देऊ नकोस. पत्र खाली ठेव. जिन्याची तिसरी पायरी उंच आहे, काकांना ती दिसणार नाही. हात धर त्यांचा.